वाचकांचे प्रश्न : अरॅचिस लावायचा, पण कसा?

या अंकात एकाच झाडाविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. रोपवाटिकेत कुणी त्याला अरॅचिस म्हणतं, कुणी पिंटो पीनट, कुणी शोभेचा भुईमूग. चार-चार पानांचा, जमिनीलगत पसरणारा, पिवळ्या फुलांचा हा बहुवर्षायू वेल आपल्या भुईमुगाच्याच कुळातला आहे. मूळचा तो ब्राझीलचा. जेराल्डो पिंटो यांनी १९५४ साली तिथल्या बाहिया राज्यातून त्याचे नमुने गोळा केले, म्हणून शास्त्रीय नाव अरॅचिस पिंटोई. पुढे गुरांच्या चाऱ्यासाठी आणि फळबागांत जमीन झाकायला त्याचा प्रसार झाला; ऑस्ट्रेलियात १९८७ साली ‘अमारिलो’ हा वाण याच कामासाठी आला. शोभेच्या बागेत तो नंतर आला. हा इतिहास सांगायचं कारण इतकंच की झाड मुळात आम्ल मातीचं आणि भरपूर पावसाचं आहे. खालच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे आहे.

प्रश्न : सोसायटीत ४०० चौरस फुटांचं लॉन आहे. दर वर्षी गवताच्या लाद्या बदलाव्या लागतात, म्हणून या पावसाळ्यात अरॅचिस लावायचं ठरलं आहे. किती रोपं लागतील, कधी आणि कशी लावायची? माळी म्हणतो, आहे त्या हरळीतच लावू, अरॅचिस तिला आपोआप दाबून टाकेल. (कोथरूड, पुणे)

माळ्याचं हे म्हणणं मान्य करू नका. पूर्ण भरलेला अरॅचिस बारीकसारीक तण उगवू देत नाही हे खरं, पण लावल्यानंतरचे पहिले तीन महिने तो अतिशय सावकाश वाढतो. तेवढ्या काळात हरळी त्याच्या डोक्यावरून जाते, आणि एकदा दोघांच्या मुळ्या एकमेकांत गुंतल्या की खुरप्याने वेगळं करता येत नाही. अरॅचिस फसलेल्या बहुतेक बागा हरळी आणि लव्हाळ्यामुळे फसलेल्या असतात.

म्हणून मे महिन्यातच कामाला लागा. जमीन ८ ते ९ इंच खोल खणून ढेकळं उन्हात उलटी पडू द्या आणि हरळीच्या काशा, म्हणजे जमिनीतली आडवी खोडं, हाताने वेचा. लव्हाळ्याच्या गाठी वेचायला जास्त वेळ लागतो; पानं ओढून तो निघत नाही, खालची गाठ निघाली पाहिजे. मग ढेकळं फोडून जमीन सपाट करा, एकदा भरपूर पाणी द्या आणि दोन आठवडे काहीच लावू नका. जे उगवेल ते पुन्हा काढा. शक्य असेल तर हा फेरा दोनदा करा. घाई झाली म्हणून हाच टप्पा गाळला जातो आणि पुढची दोन वर्षं खुरपणीत जातात.

खतांचं गणित सोपं आहे. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक इंच थराने पसरलं तर ४०० चौरस फुटांना साधारण ३३ घनफूट, म्हणजे ब्रासचा एक तृतीयांश भाग लागतो. कच्चं शेणखत नको, त्यातून तणाचं बी येतं. सिंगल सुपर फॉस्फेट चौरस मीटरला ४० ग्रॅम, म्हणजे तुमच्या जागेला दीड किलो. त्यातून स्फुरदाबरोबर कॅल्शियम आणि गंधकही मिळतं. युरिया मात्र अजिबात टाकू नका. हे शेंगवर्गीय झाड आहे, नत्र ते मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून मिळवतं. वरून युरिया दिला की त्या गाठी कमी धरतात आणि फायदा गवताचा होतो. कुठे जुना, चांगला वाढलेला अरॅचिस असेल तर त्याच्या बुडाखालची दोन-तीन घमेली माती आणून खतात मिसळा, त्यातून योग्य जिवाणू आपोआप येतात.

लागवड जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑगस्टपर्यंत, जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण भुसभुशीत, असताना करा. चिखलात नको. अंतर ९ इंच ठेवलंत तर ४०० चौरस फुटांत ७११ जागा होतात. एका जागी दोन फाटे, म्हणजे वेलाचे कापलेले तुकडे, लावायचे, म्हणजे सुमारे १,४०० फाटे. तेवढ्या पिशव्या विकत घ्यायची गरज नाही. एका भरलेल्या पिशवीतून सात-आठ फाटे निघतात, तेव्हा २०० पिशव्या पुरतात. कापून उरलेले मुळांचे गड्डेही लावता येतात, ते तर सगळ्यांत आधी धरतात. अंतर एक फूट केलं तर जागा ४०० होतील, पण जमीन झाकायला खूप जास्त वेळ लागेल आणि वाचलेले पैसे खुरपणीत जातील.

फाटा ६ ते ८ इंचांचा, तीन-चार पेरांचा घ्या. अगदी कोवळं टोक नको आणि जुनं लाकडासारखं झालेलंही नको. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून ती पेरं तिरपी मातीत जातील असा लावा आणि बोटांनी माती घट्ट दाबा. पोकळ राहिलं की फाटा सुकतो. कापलेले फाटे ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी लावून संपवा. पहिले पंधरा दिवस पाऊस नसेल त्या दिवशी हलकं पाणी. तिसऱ्या आठवड्यात मेलेल्या जागी नांगे भरा. पंधरावीस टक्के मर झाली तरी घाबरायचं कारण नाही.

खुरपणी १५, ३० आणि ४५ व्या दिवशी, त्यानंतर महिन्यातून एकदा. इतकं सांभाळलंत तर चार ते सहा महिन्यांत माती दिसेनाशी होते.

सोसायटीच्या सभेत आधीच सांगून टाका की यावर मुलं क्रिकेट खेळू शकणार नाहीत. अधूनमधून पाय पडला तर चालतो, रोजची पायवाट पडली तर तिथे टक्कल पडतं. जिथून लोक जाणारच आहेत तिथे शहाबादी फरशीचे तुकडे एका पावलाच्या अंतरावर आधीच बसवा.

प्रश्न : वर्षापूर्वी लावलेल्या अरॅचिसची नवीन पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. काही पानं आता जवळजवळ पांढरी आहेत. युरिया दिला, शेणखत दिलं, फरक नाही. जमीन काळी, पाणी बोअरचं. (बार्शी, जि. सोलापूर)

ही लोहाची कमतरता आहे. नवं पान पिवळं आणि शीर हिरवी ही तिची खूण. नत्र कमी पडलं असतं तर आधी खालची जुनी पानं सगळी सारखी पिवळी झाली असती. तुमच्या मातीत लोह नाही असं नाही, भरपूर असतं. पण चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या वर गेला की ते मुळांना घेता येत नाही. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट यात भर घालतात, आणि पाणी साचलं तर आणखी. भुईमुगाच्या शेतातही चुनखडीच्या पट्ट्यात हेच दिसतं, शेतकरी त्याला ‘केवडा’ म्हणतात.

घरच्या घरी खात्री करा. चमचाभर सुकी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. जोरात फसफसली तर पुढचं नीट वाचा.

लगेचचा उपाय फवारणीचा. एक लिटर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व, विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट). क्रम उलटा करू नका. द्रावण फिकट हिरवट दिसलं पाहिजे. तांबूस झालं तर हिराकस गंजला, ओतून द्या. आधी हातभर जागेवर मारून दोन दिवस पाहा, पानं करपली नाहीत तर संध्याकाळी सगळीकडे मारा. आठवड्याच्या अंतराने तीन फवारण्या. आधीची पांढरी झालेली पानं फारशी सुधारत नाहीत, नव्याकडे लक्ष ठेवा. फरशी, पायऱ्या, कपडे यांवर थेंब उडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत.

हिराकस नुसता मातीत टाकणं मात्र वाया जातं. चुन्याच्या मातीत त्यातलं लोह थोड्याच दिवसांत पुन्हा न विरघळणारं होतं. दुकानात ‘चिलेटेड आयर्न’ म्हणून सर्रास मिळतं ते ईडीटीए रूपातलं असतं. ते फवारायला चांगलं, पण सामू ७ च्या वर असलेल्या मातीत टिकत नाही. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए रूपातलं लोह मागा. महाग आहे, पण चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम, पाण्यात विरघळवून मुळाशी दिलं तर तुमच्यासारख्या जमिनीत तेच लागू पडतं.

गंधक घालून जमीन कायमची सुधारता येईल का, हे तुम्ही पुढे विचारालच. हिशेब पाहा. एक चौरस मीटर जागेतल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २०० किलो. त्यात ५ टक्के चुना असेल तर तो १० किलो झाला. तो संपवायला सुमारे सव्वातीन किलो गंधक लागेल, तेही एका चौरस मीटरला. शिवाय पाण्यातून नवा चुना येतच राहणार. हा मार्ग सोडून द्या. व्हिनेगर जोरात फसफसलं असेल तर दोनच व्यवहार्य वाटा उरतात: एक तर विटांची कड करून ८-९ इंच लाल मातीचा उंच वाफा तयार करायचा आणि शक्य तितकं छतावरचं पावसाचं पाणी वापरायचं, नाहीतर या झाडाचा नाद सोडायचा. दर महिन्याला फवारून जगवलेला अरॅचिस कधीच दाट होत नाही.

आणि तो युरिया बंद करा.

प्रश्न : पिवळ्या फुलांचा वेल पाच वर्षांपूर्वी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला लावला. आता तो गडगा ओलांडून पऱ्ह्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) गेला आहे. हाच अरॅचिस का? शेजारी म्हणतात हा पिवळा माका आहे, तेलात उकळून केसांना लावा. (लांजा, जि. रत्नागिरी)

वर्णनावरून हा अरॅचिस नाही, वेडेलिया आहे. फरक एका नजरेत कळतो. अरॅचिसचं फूल वाटाण्याच्या फुलासारखं, एका मोठ्या पाकळीचं, आणि पानं चार-चार. वेडेलियाचं फूल छोट्या सूर्यफुलासारखं, लांब देठावर. पानं समोरासमोर, चकचकीत आणि बहुधा तीन टोकांची. मध्य अमेरिका आणि कॅरिबियनकडचं हे झाड आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलं आहे, आणि आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाशी संबंधित तज्ज्ञांनी केलेल्या जगातल्या शंभर सर्वांत त्रासदायक आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. कोकणात आणि गोव्यात रस्त्याच्या कडेने, शेतांच्या बांधांवर ते किती बघायला मिळतं हे तुम्हाला माहीतच असेल.

पिवळा माका हा त्याचा आपल्याकडचा भाऊ. त्याचं पान लांबट, खरखरीत, तीन टोकांत न विभागलेलं, फूल लहान. आणि केसांच्या तेलासाठी एरवी वापरतात तो माका पांढऱ्या फुलांचा, तो आणखी वेगळा. औषधाची वनस्पती शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ओळखू नये. हा वेल तेलात उकळू नका.

तो काढायचा कसा, हे जास्त महत्त्वाचं. वेडेलिया मुख्यतः बियांतून पसरत नाही, तुकड्यांतून पसरतो. एका पेराचा तुकडा ओल्या जागी पडला तरी पुरे. म्हणून ब्रशकटर फिरवू नका. एका वेलाचे शंभर होतील. भर पावसातही काढायला जाऊ नका, कारण सुटलेले तुकडे पऱ्ह्यातून खालच्या लोकांच्या वाडीत जातील. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर, माती ओली आणि मऊ असताना सुरुवात करा. उताराच्या वरच्या बाजूने खाली येत कोयत्याने पट्टे पाडा, वेल हाताने उपटा आणि प्लास्टिकच्या कागदावर किंवा कातळावर पसरून कडकडीत वाळवा. वाळेपर्यंत जमिनीला टेकू देऊ नका. खतखड्ड्यात टाकू नका, पऱ्ह्यात तर नाहीच. मोठ्या सलग जागेवर जाड काळा कागद अंथरून कडा मातीने दाबल्या तर तीन-चार महिन्यांत खालचं मरतं. त्यानंतर पुढच्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी एक फेरी मारून उगवलेली पेरं वेचावी लागतील. एका हंगामात हे संपत नाही.

मोकळ्या झालेल्या जागेत खरा अरॅचिस लावा. जांभ्यावरची आम्ल माती आणि तुमचा पाऊस, या झाडाला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही. उतारावर लावताना रांगा उताराला आडव्या घ्या, ६ इंचांवर, आणि जून-जुलैचा जोर ओसरल्यावर ऑगस्टअखेर लावा, नाहीतर फाटे वाहून जातील. माड-पोफळीच्या बागेत झाडांच्या ओळींमध्येही तो चालतो, झाडांच्या बुंध्याभोवतीची आळी मात्र मोकळी ठेवा. कोकणात एक वेगळा उपद्रव म्हणजे शंखी गोगलगाय. पहिल्या दोन महिन्यांत ती कोवळे फाटे रात्रीत साफ करते. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरून ठेवायचं, पहाटे खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ जमिनीवर मात्र पसरू नका.

प्रश्न : संध्याकाळी सगळी पानं मिटतात. पाणी कमी पडतंय का? (सातारा)

नाही. भुईमूग, चिंच, लाजाळू यांच्यासारखा हाही रात्री पानं मिटतो. सकाळी उघडतात तोवर काळजी नको. पानं दुपारीही मिटलेली, करडी दिसली तर मात्र पाणी हवं आहे.

प्रश्न : केशर आंब्याच्या दोन झाडांखाली अरॅचिस लावला. हिरवागार आहे, पण फूल जवळजवळ नाही. आणि लावल्यापासून आंब्याला मोहोरही कमी. दोन्हींचा संबंध आहे का? (नाशिक)

फुलं न येण्याचं कारण सावली. अरॅचिस सावलीत जगतो, पानं मोठी आणि गडद होतात, पण फुलांसाठी त्याला दिवसाला निदान तीन-चार तास ऊन हवं. आंब्याच्या खालच्या, जमिनीकडे झुकलेल्या फांद्या फळं काढून झाल्यावर विरळ केल्या तर फरक दिसेल. पडलेली पानं मात्र आठवड्याला हाताने किंवा हलक्या पंजाने ओढा. आंब्याचं जाड पान चार-सहा आठवडे वर पडून राहिलं की खालचा अरॅचिस कुजतो.

मोहोराचा संबंध अरॅचिसशी नाही, तुम्ही त्याला देत असलेल्या पाण्याशी आहे. मोठ्या आंब्याला पावसाळा संपल्यावर ताण लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर खाली पाणी चालू राहिलं तर झाड मोहोराऐवजी नवी पालवी काढतं. तेव्हा दसऱ्यानंतर त्या भागाचं पाणी बंद करा आणि फळं वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा सुरू करा. अरॅचिस या काळात पानं गाळेल, विटलेला दिसेल, पण मरणार नाही. जमिनीला चिकटलेल्या खोडांतून तो पुन्हा फुटतो. दिसायला वाईट चालणार नसेल तर आंब्याच्या फांद्यांच्या घेराबाहेरच लावा.

प्रश्न : एप्रिलपासून पानं धुरकट, बारीक पांढरे ठिपके, खाली जाळं. कीटकनाशक दोनदा मारलं, वाढतच आहे. (नागपूर)

लाल कोळी. पांढरा कागद पानांखाली धरून पान झटका. ठिपक्याएवढे जीव चालताना दिसले की खात्री. कोळी हा कीटक नाही, त्यामुळे बहुतेक कीटकनाशकं त्याला लागत नाहीत; उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात. म्हणूनच तुमच्या फवारणीनंतर तो वाढला.

कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते, पाणी मानवत नाही. पाइपला बारीक जोरकस धारेचं तोंड लावून पानांच्या खालून, सकाळी, एक दिवसाआड आठवडाभर मारा. बहुतेक वेळा एवढं पुरतं. विद्राव्य गंधक हा कोळ्यावरचा चांगला उपाय आहे, लिटरला २ ग्रॅम, पण तो ३५ अंशांच्या वरच्या तापमानात पानं जाळतो. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये तो विसरा आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुरुवातीला, ठिपके दिसायला लागताच वापरा. कडुनिंबाच्या तेलाचंही भर उन्हाळ्यात तेच होतं.

छाटणीची वेळही चुकू नये. उन्हाळ्यापूर्वीची छाटणी फेब्रुवारीअखेर उरकायची. एप्रिलमध्ये छाटलंत तर उघडी पडलेली खोडं उन्हाने भाजतात. विदर्भात उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी आणि दुपारनंतरची थोडी सावली, एवढ्यावर तो निघून जातो.

प्रश्न : छाटणी किती आणि कशाने करायची? मध्ये लव्हाळा आणि हरळी दोन्ही शिरले आहेत. (कोल्हापूर)

वर्षातून तीनदा पुरे: जूनमध्ये पाऊस पडल्यावर, ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीअखेर. कुंपण छाटायच्या मोठ्या कात्रीने, दोन ते अडीच इंच उंची ठेवून. जमिनीला खरवडून कापू नका. लॉनमोअरचं पातं सगळ्यांत वर नेऊन चालतं. छाटलं नाही तर वेल एकमेकांवर चढून आठ-दहा इंच उंच होतो, खालची पानं गळतात आणि वरून गादी दिसत असली तरी आत नुसत्या काड्या राहतात. पावसाळ्यात तशा दाट गादीत बुरशी आणि करपाही येतो. छाटणीनंतर दोन-तीन आठवडे फुलं कमी दिसतील, मग पहिल्यापेक्षा जास्त येतात. फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मलूल होतं, तेव्हा संध्याकाळी बाग पाहून फुलं नाहीत असं ठरवू नका.

हरळीसाठी भुईमूग पिकात शिफारस असलेलं क्विझालोफॉप इथाइल ५ टक्के, लिटरला २ मिली, हरळी कोवळी असताना फवारता येतं. ते फक्त गवतवर्गीय तणांवर चालतं, अरॅचिस वाचतो. हरळी पुन्हा फुटते, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी दुसरा हात लागतो. फवाऱ्यानंतर एक दिवस मुलं आणि पाळीव प्राणी आत जाऊ देऊ नका. लव्हाळ्यावर याचा काहीही परिणाम नाही, कारण लव्हाळा गवत नव्हे. त्याला पातळ खुरप्याने गाठीसकट काढणं आणि दर दहा दिवसांनी काढत राहणं, एवढाच मार्ग आहे. फार दाट झाला असेल तर तो तुकडा पूर्ण खणून नव्याने लावा. तेच स्वस्त पडतं.

प्रश्न : याला खाली शेंगा लागतात म्हणे. खाता येतात का? (ठाणे)

लागतात. भुईमुगासारख्याच आऱ्या, म्हणजे फुलांखालचे देठ, जमिनीत शिरतात आणि बहुधा एकेका दाण्याच्या लहान शेंगा धरतात. विषारी नाहीत, पण त्यासाठी बाग उकरण्यात अर्थ नाही. शोभेच्या बागेत काय काय फवारलेलं असतं तेही लक्षात घ्या. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याने तर तोंडात टाकूच नयेत. जनावरं मात्र पाला आवडीने खातात, फवारलेला नसेल तर छाटणीचा पाला गाईला खुशाल द्या.

प्रश्न : बंगल्याच्या भिंतीलगत लावायचा आहे. साप येतील अशी घरच्यांना भीती वाटते. (सांगली)

भीती अगदीच निराधार नाही. साप फुलासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, आणि उंदीर या झाडाखालच्या शेंगांसाठी येतात. भिंतीपासून दोन फूट पट्टा मोकळा ठेवा, त्यात खडी किंवा फरशी. उंची चार इंचांच्या वर जाऊ देऊ नका. बिळं दिसली की बुजवा, रात्री तिथे कुत्र्या-मांजराचं उरलेलं अन्न ठेवू नका. कडेला उभ्या विटा सहा इंच खोल पुरल्या तर वेल मोकळ्या पट्ट्यात पेरापेराला मुळ्या टाकत येत नाही. सकाळी फुलांवर मधमाश्या असतात, तेव्हा लहान मुलांना अनवाणी सोडू नका.

प्रश्न : गच्चीवर लोखंडी वाफ्यात चालेल का? (डोंबिवली)

चालेल. माती किमान ८ इंच, तळाला भोकं, मिश्रण दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट. कडेवरून खाली सोडला तर तो फूटभर लोंबतो आणि छान दिसतो. लोखंडी वाफा उन्हात तापून कडेची मुळं भाजतात, म्हणून आतून थर्मोकोल किंवा जुनं गोणपाट लावा.

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात राहतो. इथे पीनट ग्राउंडकव्हर म्हणून मिळतो तो पुण्यातलाच का? हिवाळ्यात तो पूर्ण वाळला. (टँपा, अमेरिका)

तुमच्याकडे जास्त चालतो तो अरॅचिस ग्लाब्राटा, याचा चुलतभाऊ; ‘इकोटर्फ’ हा त्याचा बागेसाठीचा वाण. दिसायला सारखाच, पण तो मातीखाली जाड खोडं पसरवतो आणि बी क्वचितच धरतो. दहिवर गोठून वरचा पाला जळला तरी खालून वसंतात फुटतो. तेव्हा खणून टाकू नका, फेब्रुवारीअखेर वाळलेला पाला कापा आणि वाट पाहा. पिंटोई जातीची खोडं जमिनीच्या वरून पसरतात, त्यामुळे तिला कडक दहिवर जास्त बाधतं. दोन्हींपैकी काय आहे हे कळत नसेल तर कडेला हातभर उकरा: मातीखाली पेन्सिलीएवढी जाड, आडवी खोडं सापडली तर ग्लाब्राटा.